रोझमेरी : पान, पाणी आणि तेल

“डॉक्टर, रोझमेरीचं पाणी केसांवर फवारून झाल्यावर बाटलीत उरतं, ते प्यायलं तर चालेल का?” असा प्रश्न एका वाचक भगिनींनी पाठवला आहे. बाकीच्या पत्रांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. कुणी रोझमेरी, मेथ्या, कलौंजी आणि लवंगा एकत्र उकळून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवतं, कुणी तिचं तेल थेट डोक्याला चोळतं, कुणी सकाळी उपाशीपोटी तिचा काढा घेतं. रोझमेरी एकच असली तरी वाळलेलं पान, उकळलेलं पाणी आणि बाटलीतलं अर्कतेल यांच्या ताकदीत प्रचंड अंतर आहे. कुठल्या रोझमेरीबद्दल बोलतोय हे आधी ठरलं, की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

ही वनस्पती मूळची भूमध्य समुद्राकाठची. तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातली. आपल्याकडे ती निलगिरीच्या थंड हवेत चांगली येते. पुण्या-नाशिककडे कुंडीतही जगते, फक्त पाणी साचू द्यायचं नाही. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र तिची मुळं कुजतात. २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ तिला साल्व्हिया या वंशात मोजतात, त्यामुळे लेबलवर ‘रोझमारिनस’ असो की ‘साल्व्हिया रोझमारिनस’, वस्तू तीच. पानात रोझमारिनिक आम्ल आणि कार्नोसिक आम्ल ही ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं असतात. म्हणूनच युरोपात तिचा अर्क तेल-तूप खवट होऊ नये म्हणून खाद्यपदार्थांत घालायला परवानगी आहे. पाकिटावर तो ई-३९२ या क्रमांकाने लिहिलेला असतो. तिच्या वासाच्या तेलात मात्र सिनिओल आणि कापूर असतो. हा कापूर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता केस. रोझमेरीच्या बाजूने सांगितला जातो तो अभ्यास इराणमधला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. वंशपरंपरेने पडणाऱ्या टकलाचे शंभर रुग्ण घेतले. निम्म्यांना रोझमेरीचं तेल आणि निम्म्यांना केसांचं नेहमीचं औषध, म्हणजे २ टक्के मिनॉक्सिडिल, दिलं. तीन महिन्यांनी दोन्हीकडे काहीच फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढले होते आणि गटागटांत लक्षणीय तफावत नव्हती. यावरून ‘रोझमेरी मिनॉक्सिडिलइतकीच गुणकारी’ हे वाक्य जगभर गेलं. पण वाढ किती होती? रोझमेरीच्या गटात मोजलेल्या जागेतली सरासरी केससंख्या १२३च्या आसपास होती, ती १३०च्या आसपास गेली. एवढा फरक सूक्ष्म छायाचित्रात दिसतो, आरशात दिसेलच असं नाही. शिवाय नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गटच नव्हता. त्यामुळे काम रोझमेरीने केलं की रोजच्या मालिशने, हे त्यातून ठरत नाही. आज पुरुषांना आम्ही सहसा ५ टक्के मिनॉक्सिडिल देतो, आणि तुलना २ टक्क्यांशी होती. माझं मत विचाराल तर हा अभ्यास टाकाऊ नाही, पण एवढ्या जोरावर कुणी चालू औषध बंद करू नये.

चाई पडते, म्हणजे डोक्यावर रुपयाएवढी गोल जागा अचानक गुळगुळीत होते, त्यासाठी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा १९९८ सालचा एक अभ्यास आहे. त्यात थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडारवुड ही चार तेलं वाहक तेलात, म्हणजे अर्क पातळ करणाऱ्या साध्या तेलात, मिसळून रोज चोळली. सात महिन्यांत ४४ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, नुसतं वाहक तेल लावणाऱ्यांत १५ टक्के. चांगला निकाल आहे. पण श्रेय चौघांत वाटायचं आहे, आणि चाई पुष्कळदा आपोआपही भरते.

हे दोन्ही अभ्यास तेलाचे आहेत, पाण्याचे नाहीत. पानं उकळल्यावर वासाचं बरंचसं द्रव्य वाफेबरोबर उडून जातं आणि पाण्यात नेमकं किती उरलं हे घरी मोजता येत नाही. त्या पाण्याने अपाय होण्याची शक्यता कमी आहे, हेही खरं. मात्र त्यात टिकवणारं काही नसतं. मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर चार दिवस ठेवलेल्या बाटलीत बुरशी आणि जंतू सहज वाढतात आणि आपण तेच डोक्यावर फवारतो. लावायचंच असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. वास बदलला की ओतून द्या. रात्री फवारून ओल्या डोक्याने झोपू नका. कोंडा असेल तर तो वाढेल.

मग शेजारच्या काकूंचे केस रोझमेरीने गळायचे थांबले कसे? याचं उत्तर बऱ्याचदा कॅलेंडरात सापडतं. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा एकदम कमी खाऊन केलेलं डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागतात. कारण मागे पडलेलं असतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. घाबरून माणूस व्हिडिओ बघतो आणि रोझमेरी सुरू करतो. हा गळतीचा प्रकार शरीर स्वतःच सावरतो, साधारण सहा महिन्यांत. नेमक्या त्याच काळात बाटली हातात असते, आणि नाव तिचं होतं. रोजचे पन्नास ते शंभर केस तर निरोगी माणसाचेही जातातच.

केस गळतात म्हणून रोझमेरीचा काढा जेवणाबरोबर घेणाऱ्या बायकांची मला जास्त काळजी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. केस गळण्यामागे लोहाची कमतरता हे आपल्याकडे अगदी नेहमीचं कारण. आणि रोझमेरीतली पॉलिफेनॉल द्रव्यं अन्नातल्या लोहाचं शोषण कमी करतात. २००१ साली तरुण स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात रोझमेरीचा अर्क जेवणात मिसळल्यावर लोहाचं शोषण घटलं. घट मोठी नव्हती, ग्रीन टीच्या अर्काने ती त्याहून जास्त झाली. पण मुळात हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या बाईने पालक, बाजरीची भाकरी आणि लोहाची गोळी यांच्या जोडीला रोझमेरीचा काढा घ्यायचा, म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. काढा असो वा चहा, जेवण आणि लोहाची गोळी यांपासून निदान एक-दीड तास लांब ठेवा. जेवणावर लिंबू पिळा, ते लोहाला मदत करतं. आणि तेलाच्या बाटलीवर खर्च करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

पोटात घेण्याबद्दल. स्वयंपाकात, म्हणजे बटाट्यावर, पनीरवर, पावावर भुरभुरलेली रोझमेरी बिनधास्त खा. युरोपात तिचा चहा अपचन, पोट फुगणं आणि सौम्य कळ यांसाठी जुन्या वापराच्या आधारावर मान्य आहे. कपभर उकळत्या पाण्यात एक-दोन ग्रॅम वाळलेली पानं, दिवसातून दोन-तीनदा. बारा वर्षांखालच्या मुलांना नाही. पित्ताशयात खडे असतील, पित्तनलिकेत अडथळा असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंना उत्तर इथेच देतो. ताजा, स्वच्छ भांड्यात केलेला रोझमेरीचा चहा प्या. स्प्रेच्या बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊ नका. कलौंजी-मेथ्या-लवंगांचा दाट काढा तर नकोच, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर. मेथ्यांनी साखर आणखी उतरू शकते.

स्मरणशक्तीचा मामला थोडा गमतीचा आहे. युरोपात रोझमेरी फार पूर्वीपासून आठवणीची वनस्पती मानली जाते. ‘हॅम्लेट’मध्ये ऑफिलिया ती आठवणीसाठी म्हणून देते, आणि ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी लोक तिची डहाळी कोटाला लावतात. २०१२च्या एका छोट्या अभ्यासात सरासरी पंच्याहत्तरीच्या २८ ज्येष्ठांना वाळलेल्या पानांची पूड टोमॅटोच्या रसातून दिली. ७५० मिलिग्रॅमला, म्हणजे साधारण स्वयंपाकात जाते तेवढ्या मात्रेला, आठवण्याचा वेग सुधारला. ६,००० मिलिग्रॅमला तो उलट मंदावला. परीक्षेच्या दिवसांत मुलांना चमचा-चमचा पूड चारणाऱ्या पालकांनी हा दुसरा आकडा फ्रीजवर चिकटवावा. विसराळूपणा वाढतोय असं वाटणाऱ्या आजोबांना पूड न देता त्यांचं बी-१२, थायरॉइड आणि कानांची तपासणी करून घ्यावी.

आता बाटलीतलं तेल. ‘एसेन्शियल ऑइल’ असं लिहिलेली छोटी गडद काचेची बाटली आणि ‘रोझमेरी हेअर ऑइल’ची मोठी बाटली यांत गफलत करू नका. मोठीत बहुतांशी खोबरेल किंवा दुसरं तेल असतं, रोझमेरी थेंबभर. छोटीत निव्वळ अर्क. तो डोक्याला थेट लावल्याने टाळू लाल होऊन सोललेले रुग्ण मी पाहिले आहेत. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर खोबरेलात, तीन थेंब पुरतात. पाच-सहाच्या पुढे जाऊ नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. रोझमेरीची अ‍ॅलर्जी खरोखर असते, आणि ती पुरळ पुष्कळदा टाळूपेक्षा पापण्यांवर आणि मानेवर उठते, त्यामुळे कारण चटकन सुचत नाही.

छोट्या बाटलीतलं तेल पोटात घ्यायचं नाही. थेंबभर मधातूनही नाही. कारण तो कापूर. कापूर आणि सिनिओल मेंदूला चेतवतात आणि झटका आणू शकतात. रोझमेरीच्या काही जातींत कापूर कमी, काहींत भरपूर. बाटलीवर ते क्वचितच लिहिलेलं असतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापराची तेलं, बाम वापरल्यावर झटके आलेल्या रुग्णांवर सातत्याने लिहिलं आहे. त्यांतल्या काहींना आधी फिट्स कधीच आल्या नव्हत्या. म्हणून फिट्सचा त्रास असलेल्यांनी रोझमेरीचं तेल लावूही नये आणि वाफाऱ्यात घालूही नये. गर्भवतींना भाजीतली चिमूट चालेल, काढा-तेल मात्र त्यांनी टाळावं. वॉरफरीनसारखी रक्त पातळ करणारी औषधं किंवा लिथियम चालू असेल तर काढा रोजचा करण्याआधी विचारा.

लहान मुलांच्या बाबतीत माझा स्वर थोडा कडक होतो. कोंड्यासाठी खोबरेलात कापूर, सर्दीसाठी छातीवर कापूर, पाळण्याला कापराची पोटली, हे आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि आता त्यात रोझमेरीची भर पडली आहे. एक ग्रॅम कापूरही चिमुरड्याच्या जिवावर बेतू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ, चेहऱ्यावर यांतलं काहीही लावू नका. बाटली ड्रेसिंग टेबलवर न ठेवता औषधांच्या कपाटात ठेवा, कुलपात असेल तर उत्तम. मुलाने तेल प्यायल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि झटका अगदी थोड्या वेळात येऊ शकतो. दूध, मीठ-पाणी, कच्चं अंडं यांत वेळ घालवू नका. मूल गुंगीत असेल तर त्याला कुशीवर ठेवा, आणि बाटली सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा. बाटली सोबत हवीच, कारण आत काय होतं आणि किती होतं हे डॉक्टरांना लेबल वाचूनच कळतं.