हजेरीची सही

ज्या सहीमुळे आज आमच्या शहरात काही लोक मला गैरव्यवहाराचा साक्षीदार आणि काही त्याचा भागीदार समजतात, ती सही मी हजेरीपत्रकावर केली होती, देयकावर नव्हे. एवढे एक वाक्य कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतले असते, तर हे लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर आला नसता. एकतीस वर्षे मी दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात काढली, त्यातील अखेरची काही शिरस्तेदार म्हणून. कागदावर काय लिहिले आहे याइतकेच तो कागद पुढे कोणत्या कागदाला जोडला जाणार आहे हेही पाहावे, असे मी कित्येक नव्या कारकुनांना बजावले होते. आणि निवृत्तीनंतर, कुत्र्यांच्या निवारा केंद्राच्या देखरेख समितीवर बसलो असता, तेच मी पाहिले नाही. माझी चूक असेल तर ती एवढीच आहे आणि ती मी कबूल करतो. बाकीचे जे घडले ते माझे नव्हे.

समितीचे काम मी हौसेने पत्करले नव्हते, पण एकदा पत्करल्यावर मनापासून केले. 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, त्याखाली 2001 साली झालेले श्वानांचे जन्मनियंत्रण नियम आणि त्यांच्या जागी 2023 साली आलेले नवे नियम मी मुळातून वाचून काढले. भटक्या कुत्र्यांना सरसकट मारू नये. त्यांना पकडावे, त्यांची नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि जिथून आणले त्याच जागी परत सोडावे, हे त्या नियमांचे सार आहे व ते मला पटलेले आहे. कारण गल्ली कुत्र्यावाचून रिकामी राहत नाही, एक टोळी उचलली की शेजारची टोळी उकिरड्याच्या वासाने तिथे येते, आणि तिच्या अंगात लस नसते. मुंबईने तर 1832 साली, कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरल्यामुळे झालेला दंगाही पाहिलेला आहे. म्हणजे हा प्रश्न नवा नाही, आणि त्याच्यावरचा आजचा उपाय वाईटही नाही. उपाय कागदावर उरकला गेला म्हणजे काय होते, ते मात्र मी पाहिले.

आमच्या वाचनालयामागील गल्लीत तीन वर्षांपासून एक तांबडी कुत्री असे. शेपटीचे टोक तेवढे पांढरे. गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका पहाटे, पाऊस कोसळत असता, घरातून हाक आली, "अहो, जिन्याखाली येऊन बघा, तांबडी व्यायली आहे." मी कंदिलासारखा हाताशी ठेवलेला विजेरीचा दिवा घेऊन खाली गेलो. पोत्याच्या तुकड्यावर पाच पिल्ले होती, डोळे मिटलेली, आणि ती त्यांना एकेक करून चाटीत होती. दिव्याचा झोत तिच्या डोक्यावर पडला तेव्हा तिच्या कानाच्या टोकाशी असलेली खाच मला दिसली. ती खाच मी पूर्वी शंभरदा पाहिली असेल, आणि पाहून प्रत्येक वेळी समाधान मानले असेल. त्या पहाटे मी तिच्यापुढे किती वेळ उकिडवा बसलो होतो, हे मला आता सांगता येणार नाही. पाय बधिर झाले तेव्हा मी उठलो.

केंद्राच्या नोंदवहीत तिची नोंद शोधावयास मला फारसा वेळ लागला नाही. "मादी, तांबूस, शेपटीचे टोक पांढरे, वाचनालयामागील गल्ली, 12 फेब्रुवारी 2025 रोजी शस्त्रक्रिया यशस्वी, लस दिली, 17 रोजी मूळ जागी सोडली." कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा, म्हणजे तिला गर्भ राहिला तो जूनमध्ये, शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी. मी हे विचारले तेव्हा केंद्रात शस्त्रक्रिया करणाऱ्या ठेकेदार संस्थेच्या डॉक्टरांनी, मी जणू शाळकरी मुलगा असावा अशा सुरात, "सर, कधी कधी बीजांडकोशाचा तुकडा आत राहून जातो," असे उत्तर दिले. घरी येऊन मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेल्या एका जुन्या स्नेह्यांना विचारले. त्यांनी सांगितलेले वाक्य या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे: बीजांडकोशाचा तुकडा राहिला तर मादी माजावर येऊ शकेल, परंतु या शस्त्रक्रियेत गर्भाशयही काढतात, आणि गर्भाशय नसलेली मादी पिल्ले कुठून घालणार? तेव्हा नोंदवहीतली "शस्त्रक्रिया यशस्वी" ही नोंद खोटी होती. तिचे गर्भाशय तिच्या पोटातच होते. तिला पकडले, तिच्या कानाला खाच पाडली आणि सोडून दिले, एवढेच झाले होते.

मग मला बरण्या आठवल्या. काढलेले अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवावयाचे आणि समितीने ते मोजल्यावरच संस्थेचे देयक मंजूर करावयाचे, अशी व्यवस्था होती. मार्चच्या मोजणीत एका बरणीचे मूळ झाकण फुटल्यामुळे तिच्यावर निळ्या रंगाचे, दुसऱ्याच कसल्यातरी डब्याचे झाकण बसविलेले मी पाहिले होते. मेच्या मोजणीतही ते निळे झाकण होते. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. फॉर्मॅलिनमध्ये अवयव महिनोन्महिने टिकतात, आणि मोजून झालेले अवयव समितीच्या डोळ्यांदेखत नष्ट केले नाहीत तर तेच पुढच्या महिन्यात पुन्हा मोजता येतात, एवढी साधी गोष्ट पाच सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

महापालिकेच्या संबंधित अधिकाऱ्याकडे मी हे सर्व लेखी घेऊन गेलो. त्याने माझा अर्ज वाचला नाही. कपाटातून देयकाची नस्ती काढली, एक पान उघडले, नस्ती माझ्याकडे फिरवली आणि माझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, कागद पूर्ण आहेत. ही तुमचीच सही आहे ना?" सही माझीच होती. परंतु ज्या हजेरीपत्रकावर मी ती केली, त्याच्या वरच्या भागात तेव्हा कोरी जागा होती. आता तिथे "समितीने समक्ष मोजणी करून खात्री केली आहे" अशी टंकलिखित ओळ होती. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, उलट एक प्रकारची आपुलकी होती, आणि तीच मला आजही सहन होत नाही. चहा घेऊन जा, असेही तो म्हणाला. मी चहा घेतला नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. पिल्लांच्या जवळ गेलेल्या शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाला तांबडी चावली. त्याचे वडील निर्धास्त होते. "कान कापलेली आहे, म्हणजे लस दिलेली आहे," असे ते मलाच सांगू लागले, कारण ते वाक्य त्यांनी माझ्याच तोंडून ऐकले होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला लावली, आणि त्याच दिवशी त्या मुलाला सरकारी रुग्णालयात नेले. लसीचे पुढचे सर्व डोस पुरे होईपर्यंत प्रत्येक तारखेला मी स्वतः बरोबर गेलो. कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवली. ती धडधाकट राहिली, मुलगाही सुखरूप आहे. कानाची खाच हा फार तर कधीकाळी झालेल्या शस्त्रक्रियेचा दाखला आहे, लसीचा नव्हे. आणि लस खरोखरच दिलेली असली तरी तिचा जोर कायम टिकत नाही, ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. चावा झाला की खाच पाहत बसू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यातून माणूस वाचत नाही, असेच समजून चालावे.

जे कोणी आपापल्या गावी अशा समितीवर जातील, त्यांना मला काही सांगावयाचे आहे. ते क्रमवार नसेल, कारण ते मला क्रमवार समजलेले नाही. हजेरीपत्रकावर सही करताना नावापुढे "केवळ उपस्थितीपुरती" हे दोन शब्द आपल्या हाताने लिहा, वरच्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारा आणि त्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवा. मोजणीनंतर अवयव तुमच्या समक्ष जाळले जावेत आणि त्याचा पंचनामा व्हावा, असा ठराव पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात घालून घ्या. केंद्रावर कळवून कधी जाऊ नका. आम्ही कळवून गेलो तेव्हा फरशीवर फिनेलचा ओला वास होता, पिंजऱ्यांवर नवे क्रमांक होते आणि कुत्री शांत होती. पुढे एकदा पहाटे साडेपाचला, पकडणारी गाडी निघण्याच्या वेळी, मी एकटाच गेलो. तेव्हा एकाच पिंजऱ्यात चार कुत्री होती, त्यातील एक रक्ताची हगवण लागलेले पिल्लू. अशी हगवण लावणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीचच लागते; आजारी जनावर वेगळ्या खोलीत ठेवले आहे की नाही, हे आधी बघा. लसीचा फ्रिज उघडा. तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवे, आणि त्याची रोजची नोंद हवी. आम्ही उघडलेल्या फ्रिजमध्ये लसीशेजारी डबे होते, व रात्री वीज गेली तर काय करता, या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते.

शिधा तपासा. नोंदीत साठ कुत्री आणि तांदूळ वीस कुत्र्यांचा, असे दिसले तर बाकीचे हिशेब तपासण्याची गरज उरत नाही. सोडलेल्या कुत्र्यांची यादी घेऊन महिन्याला चार-पाच गल्ल्या स्वतः फिरा; पानवाला, रात्रीचा पहारेकरी, दूधवाला यांना विचारा, त्यांना प्रत्येक कुत्रे ठाऊक असते. कायदा नीट वाचा, संयम ठेवा, कोणाशी वैर धरू नका. हे शेवटचे मला लोकांनी सांगितले, आणि मीही पुढे सांगतो.

पाळीव कुत्र्यांबद्दल थोडेच लिहितो. केंद्राच्या दाराशी रात्री बांधून गेलेली पामेरियन आणि लॅब्रेडॉर जातीची कुत्री मी पाहिली आहेत, गळ्यात पट्टा असलेली, सकाळी रस्त्याकडे टक लावून बसलेली. पाळीव कुत्र्याचा महापालिकेकडे परवाना असावा, असा आमच्याकडे नियम आहे. तो परवाना लसीच्या दाखल्यासह दरवर्षी खरोखर तपासला गेला, तर कुत्रे कोणी सोडले हे शोधता येईल. आज ते शोधता येत नाही, म्हणून लोक सोडतात.

हे सर्व मी आताच का लिहितो आहे, त्याचेही कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री हलवून नसबंदी व लसीनंतर निवाऱ्यांत ठेवावीत, त्या आवारांत परत सोडू नयेत, असा आदेश दिला आहे. म्हणजे यापुढे सोडलेल्या कुत्र्याला गल्लीत पाहण्याची, दूधवाल्याला विचारण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी राहणार नाही. कुत्रे आत गेले की ते कसे आहे, किंबहुना आहे की नाही, हे केवळ आतल्या नोंदवहीवरून कळेल. तांबडी माझ्या जिन्याखाली व्यायली नसती, तर ती माझ्या लेखी आजही नसबंदी झालेली कुत्री असती.

पाच पिल्लांपैकी दोन पार्व्होने गेली, तीन चांगल्या घरी दिली. तांबडीची शस्त्रक्रिया मी खासगी दवाखान्यात, माझ्या खर्चाने करविली, आणि काढलेले गर्भाशय डॉक्टरांनी मला दाखविले. प्रकृतीच्या कारणास्तव मी राजीनामा द्यावा, असे मला दोनदा सुचविण्यात आले आहे. मी तो दिलेला नाही. चौकशीच्या माझ्या अर्जास पोच मिळाली, उत्तर मिळालेले नाही. समितीची बैठक दरमहा व्हावयास हवी. हा महिना सरावयास आठ दिवस उरले आहेत, आणि बैठकीची सूचना मला अद्याप आलेली नाही.