पंच म्हणून सही करताना

१. पंच व्हायला कुणी तयार नसतं, हे स्वतः पंच होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. निफाडजवळ हायवेवरच्या एका दुकानात माशांचे फुगलेले डबे सापडले. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना जप्तीच्या वेळी साक्षीला माणूस हवा होता, कायदाच तसा आहे. ‘पंच’ म्हटल्याबरोबर शेजारच्या रसवंतीतली माणसं अर्धे ग्लास टाकून पांगली. उरलो मी. निवृत्त मास्तर, तोही माळकरी.

२. नाकावर फार विसंबू नये. ‘वास तर येत नाही,’ असं मी मोठ्या जाणकारीनं म्हणालो. साहेब नुसतेच हसले. डबा भरताना नीट तापवला नाही, साधारण १२१ अंशांपर्यंत, तर बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू तगतात, हवा नसलेल्या डब्यात वाढतात आणि विष तयार करतात. त्याला वास असेलच असं नाही. बांगडा, कुपा हे मासे आधीच उतरलेले असले तर त्यांत हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य साठतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही.

३. जप्ती म्हणजे माल टेम्पोत घालून नेणं, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार नमुना घेऊन बाकीचा माल दुकानदाराच्याच ताब्यात ठेवता येतो, मालाच्या किमतीचा बाँड लिहून घेऊन. म्हणजे चोरीचा माल चोराकडेच, असं मी पुटपुटलो. पण दुकानदार अजून चोर ठरलेला नसतो ना! नमुन्याचे चार भाग, प्रत्येकाला सील, आणि दुकानदाराची सही अर्धी चिठ्ठीवर, अर्धी वेष्टनावर. एक भाग त्याच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ शकतो. निव्वळ छळायला जप्ती केली तर अधिकाऱ्यालाच लाखापर्यंत दंड. मला हा सगळा कागदी खेळ वाटत होता. मग मॅगी आठवली. जून २०१५ मध्ये त्या नूडल्सवर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये रद्द केली, कारण तपासणी जिथे झाली त्या प्रयोगशाळाच नियमात बसत नव्हत्या.

४. नाकारलेल्या मालाचं दुःख आमच्या तालुक्याला कळतं. २०१० मध्ये सीसीसी या बागेत फवारायच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं नाकारली. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, तरी कंटेनर अडले. तेव्हा आम्ही प्रयोगशाळेला शिव्या घातल्या. त्या दुकानदाराचा चेहरा पाहून मला आमचे बागायतदार आठवले, आणि तरीही मी सही केली.

५. त्याच कायद्यानं ग्राहकालाही फी भरून पदार्थ तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. अट एवढीच, की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. भर बाजारात हे सांगायची माझी अजून छाती झालेली नाही. तुमची झाली, तर कळवा.