अवधान : संसाराचा एक धडा

वर्गात आम्ही शिक्षक मुलांना वारंवार सांगतो, "लक्ष द्या." डोळे फळ्याकडे आणि मन मैदानावर, असा विद्यार्थी आम्हांस चटकन ओळखू येतो. घरी मात्र आपणच तो विद्यार्थी होतो, हे लवकर उमगत नाही.

माझाच अनुभव सांगतो. उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. ईदेसाठी धाकट्याचा सदरा शिवीत बसलेली पत्नी म्हणाली, "अहो, हल्ली सुईत दोराच ओवता येत नाही." मी मान न उचलता "हं" म्हटले. चार दिवसांनी पाहतो तो शेजारची लहान मुलगी तिला दोरा ओवून देत होती! मला तिने पुन्हा विचारले नव्हते. नजर मंदावत चालल्याची तिच्या मनातील धास्ती त्या वाक्यात होती, आणि मी ती ऐकली नव्हती.

अशा लहान बोलण्यांचे मोल किती, याचा अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी केला. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात राहत्या घरासारखी प्रयोगशाळा थाटून त्यांनी नवविवाहित जोडप्यांचे साधे वागणे-बोलणे टिपले. खिडकीबाहेरचे काही दाखविणे, एखादा सुस्कारा टाकणे, हीदेखील जोडीदाराला घातलेली साद होय, असे त्यांनी मानले. ती ऐकून कोणी वळतो, कोणी दुर्लक्ष करतो, तर कोणी खेकसतो. सहा वर्षांनी पाहता, ज्यांचे संसार टिकले होते त्यांनी शंभरांपैकी सरासरी ८६ वेळा सादेला प्रतिसाद दिला होता. ज्यांचे मोडले त्यांनी केवळ ३३ वेळा. प्रतिसादामुळेच संसार टिकला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तथापि दोहोंचा संबंध विचार करण्याजोगा आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. अवधान म्हणजे प्रत्येक गोष्टीस होकार नव्हे. हातातील काम खरोखरच निकडीचे असेल, तर "दहा मिनिटांत ऐकतो" असे सांगावे, आणि दहा मिनिटांनी आपण होऊन विचारावे. तसेच, ऐकताना लगेच उपाय सुचविण्याची घाई करू नये. आम्हां शिक्षकांना ही खोड विशेष! पुष्कळदा समोरच्या माणसाला उत्तर नको असते, सोबत हवी असते. आणि ही जबाबदारी एकट्या पत्नीची किंवा एकट्या पतीची नाही. साद दोघेही घालतात.

पुढे आम्ही दोघे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिला चाळिशी लागली होती. तपासले तेव्हा मलाही लागली होती. येताना वाटेत जितके बोललो, तितके त्या महिन्यात बोललो नव्हतो.

वाचकहो, धड्याच्या शेवटी स्वाध्याय हवाच. आज रात्री जेवणानंतर वर्तमानपत्र आणि मोबाईल दोन्ही बाजूस ठेवून पाव तास एकमेकांचे बोलणे ऐकावे. गुण आपले आपणच द्यावेत.