मत्स्यव्रणाची चिकित्सा : आरंभ पाण्यापासून

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारी तलाव आणि वैनगंगेचे पात्र यांमुळे मासा हा येथे आहाराचा व उपजीविकेचा विषय पूर्वीपासूनच आहे. आता तो काचेच्या पेटीतून घरांत आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांतही आला आहे. साहजिकच ‘माशाच्या अंगावर जखम झाली आहे, एखादे झाडपाल्याचे औषध द्या’ अशी मागणी घेऊन लोक वैद्यांकडे व काष्ठौषधींच्या दुकानांत येतात. मागणी किरकोळ वाटते आणि उत्तरही सहज दिले जाते. त्या सहजतेतील धोका व्यवसायबंधूंच्या लक्षात आणून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमची चूक सांगतो. आमच्या दवाखान्यातील मत्स्यपेटीत एका गोल्डफिशच्या पाठीवर व्रण दिसला. व्रणप्रक्षालनासाठी नित्य वापरला जाणारा त्रिफळा क्वाथ गाळून, थंड करून, सायंकाळी आम्ही अंदाजाने पेटीत ओतला. व्रण एकाच माशाला होता; सकाळपर्यंत सातही मासे मेले. पाण्यावर फेस आला होता व त्यास वास येत होता. क्वाथातील सेंद्रिय अंशावर रात्रभर जिवाणू वाढले, त्यांनी पाण्यातील प्राणवायू संपविला आणि कषाय द्रव्याने कल्ल्यांचा क्षोभ झाला, असा आमचा निष्कर्ष आहे. क्वाथात दोष नव्हता. मनुष्यासाठीची कल्पना माशावर जशीच्या तशी लावण्यात दोष होता.

शास्त्रातील स्थान

हत्तींसाठी पालकाप्यांची, अश्वांसाठी शालिहोत्रांची आणि वृक्षांसाठी सुरपालांची परंपरा आपल्याकडे आहे. सुश्रुतांनी माशांचे नादेय व सामुद्र असे दोन वर्ग केले. परंतु तो विचार अन्नपानविधीतील आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे, तेही मासेमारीच्या अंगाने. म्हणून येथे ग्रंथोक्त योग शोधण्यापेक्षा तत्त्वांचा आधार घेणे श्रेयस्कर होय. निज व आगंतु हा व्रणभेद, निदानपरिवर्जन आणि अपतर्पण ही तीन तत्त्वे पुरेशी आहेत.

मासा व जल यांचा संबंध

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच मलविसर्जन करतो. त्याच्या शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. गाळणीतील उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. ही साखळी तुटली की माशाची त्वचा व कल्ले दुखावतात आणि रोग शिरतो. तापमानाचाही विचार करावा. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. आपल्याकडील वैशाखात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, ते बहुधा याच कारणाने.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरील पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरते आणि मासा ते मूत्रावाटे टाकीत राहतो. त्वचेवर व्रण झाला की पाणी अधिक वेगाने शिरते व क्षार निघून जातात. मिठाचा उपयोग होतो तो या ठिकाणी. बाहेरील व आतील क्षारांतील अंतर कमी होऊन माशाचे श्रम वाचतात.

परीक्षण

खडबडीत दगड, जाळे किंवा दुसऱ्या माशाचा चावा यांनी झालेला व्रण आगंतु समजावा. अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसल्यास तो ‘इक’ नावाच्या परजीवीचा रोग होय. कापसासारखा पुंजका बुरशीचा, झिजलेले पर बहुधा जिवाणूंचे आणि त्वचेत रुतलेला दोरा लर्निया या कृमीचा निदर्शक आहे. पोट फुगून खवले उभे राहिले असल्यास साध्यासाध्यता विचारात घेऊन आशा मर्यादितच ठेवावी.

चिकित्साक्रम

१. निदानपरिवर्जन : पेटीतील चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाचे पाणी किमान २४ तास उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्यावे. तापमान समान असावे. टोचणारे दगड काढावेत.

२. विलगीकरण : रुग्ण मासा हवेचा पंप लावलेल्या वेगळ्या टबात ठेवावा.

३. अपतर्पण : सुश्रुतोक्त साठ व्रणोपक्रमांत याचे स्थान पहिले आहे. मोठ्या माशास एक-दोन दिवस अन्न न दिल्यास अपाय नाही आणि पाण्यातील अमोनिया घटतो.

४. लवण : प्रति लिटर १ ते ३ ग्रॅम खडेमीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून, २४ तासांत दोन-तीन भागांत घालावे. मात्रा माशाच्या वजनावर नसून पाण्याच्या आकारमानावर असते. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि २५ सेंटीमीटर पाणी असलेल्या पेटीत ४५ लिटर पाणी असते. लिटरला २ ग्रॅम धरल्यास ९० ग्रॅम मीठ झाले. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना केवळ बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालावे. पाणवनस्पती व मिशाळ माशांना मीठ कमी सोसते.

५. काल : इकचा परजीवी त्वचेखाली असताना पाण्यातील औषध त्यास पोहोचत नाही, पाण्यात पोहणारी पिल्लेच मरतात. म्हणून कण दिसेनासे झाले तरी उपचार १० ते १४ दिवस चालू ठेवावा.

वर्ज्य द्रव्ये

पाण्यात लेप टिकत नाही. जात्यादि वा निंब तैलाचा तवंग पृष्ठभागावर पसरून हवेचा संपर्क रोखतो. याहून गंभीर बाब अशी की आपल्या फडताळातील काही द्रव्ये प्रत्यक्ष मत्स्यविषे आहेत. रिठा, मदनफळ म्हणजे गेळा आणि हिंगणबेट यांचा उपयोग मासे गुंगवून पकडण्यासाठी होत आला आहे. आपल्या भागात सर्वत्र मिळणारी मोहाची ढेप मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी वापरतात. प्रमाण लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम, म्हणजे एक मीटर खोल पाण्याच्या हेक्टरभर तळ्यास २,५०० किलो. यांतील सॅपोनिन मनुष्याच्या आतड्यातून फारसे शोषले जात नाही. माशाच्या कल्ल्यांतून मात्र ते थेट रक्तात जाऊन रक्तकण फोडते. ‘वनौषधी आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य माशाच्या बाबतीत कोणत्याही दुकानदाराने उच्चारू नये.

हळद व चुना यांविषयी वारंवार विचारणा होते. १९८८ साली ईशान्य भारतात पसरलेल्या व्रणयुक्त मत्स्यरोगात, जो हिवाळ्यात मरळीसारख्या माशांना विशेष ग्रासतो, हे मिश्रण तळ्यांत वापरले गेले. त्या रोगाचे मूळ अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवात आहे आणि चुन्याचे कार्य तेथे मुख्यतः पाणी सुधारण्याचे असते. लहान पेटीत चुना टाकल्यास पाणी एकाएकी क्षारधर्मी होते व असलेला अमोनिया अधिक विषारी बनतो. तळ्याचा योग पेटीस लावू नये.

माशाकडून मनुष्याकडे

हा भाग प्रत्येक चिकित्सकाने ध्यानात ठेवावा. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयजंतूंच्या कुळातील जिवाणू मत्स्यपेटीत असू शकतो. पेटी स्वच्छ करताना हातावर खरचटलेले असल्यास काही आठवड्यांनी बोटावर वा मनगटावर गाठ येते, ती फुटून चिघळते आणि कधी गाठींची रांग बाहूकडे चढते. दुष्टव्रण समजून महिनोन्महिने लेप होतात. रोग सांध्यापर्यंत जाऊ शकतो. अशा रुग्णास ‘घरी मासे आहेत काय?’ हा प्रश्न विचारावा आणि ऊतक तपासणी व जंतुसंवर्धनासाठी त्वरित पाठवावे. हातावर जखम असता पेटीत हात घालू नये, हे ग्राहकासही सांगावे.

मर्यादा

आपली नोंदणी मनुष्यचिकित्सेची आहे. पशुवैद्यक व्यवसाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या कक्षेत येतो. तलावात मासे मरू लागल्यास एखाद्या धीवर कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. तेथे पुडी बांधून देण्यात वेळ दवडू नये. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालय किंवा नागपूर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालय यांच्याकडे पाठवावे.

आमच्या दवाखान्यातील पेटी आजही आहे. तिच्या काचेवर पाण्याचे लिटर लिहून ठेवले आहेत आणि औषधाचा विचार त्या आकड्यापासून सुरू होतो. माशासाठी औषध मागण्यास कोणी आल्यास आपणही प्रथम दोन प्रश्न विचारावेत : पेटीत पाणी किती, आणि ते शेवटचे केव्हा बदलले? अनेकदा चिकित्सा तेथेच सापडते.