डोंगरीच्या भिंतीआड

मुंबईत सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळ, उमरखाडीच्या दाट वस्तीत, उंच भिंतींनी वेढलेली एक जुनी जागा आहे. एके काळी ती डोंगरीचा तुरुंग म्हणून ओळखली जाई. १८८२ साली गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक यांना येथे बंदिवास भोगावा लागला. दोघेही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील तरुण शिक्षक. कोल्हापूरच्या दिवाणांसंबंधी 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत आलेल्या मजकुरावरून त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. शिक्षा चार महिन्यांची होती. प्रत्यक्षात त्यांनी १०१ दिवस तुरुंगात काढले.

ते दिवस त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे मराठी रूपांतर तेथेच केले. कोठडीत दोघा मित्रांचे वादविवाद रंगत. पुढे १८८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली.

टिळक व आगरकर विद्वान होते. दार बंद झाले, तरी त्यांचे चिंतन थांबले नाही. परंतु बारा-तेरा वर्षांचा मुलगा असा भिंतीआड गेला, तर त्याने काय करावे? त्याची शाळा सुटली, की शिक्षणही सुटते.

हा विचार मुंबई इलाख्यात हळूहळू रुजला. १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीच्या जुन्या तुरुंगाच्या जागेत पुढे मुलांचे गृह आले. आज कायदा अशा गृहास 'निरीक्षणगृह' म्हणतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, अपराधाचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलास चौकशीच्या काळात तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याची चौकशी बाल न्याय मंडळ करते. पुष्कळ मुले जामिनावर आईवडिलांकडे परततात; काहींना निरीक्षणगृहात राहावे लागते. चौकशी सामान्यतः चार महिन्यांत पुरी व्हावी, असा नियम आहे. टिळक-आगरकरांच्या शिक्षेचीही मुदत तेवढीच होती! चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात वर्ग अपूर्णांकांवरून बीजगणितापर्यंत जातो आणि मागे राहिलेल्या मुलास फळ्यावरील अक्षरेही परकी वाटू लागतात. म्हणूनच अशा मुलांच्या शिक्षणाची सोय करणे कायद्याने आवश्यक ठरविले आहे.

ही शाळा चालविणे सोपे नसते. एक मुलगा सातवीतला, तर दुसऱ्याने तिसरीतच पाटी ठेवलेली. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची हिंदी, तिसऱ्याची उर्दू. आज आलेला मुलगा चार दिवसांनी घरी जातो. त्याच्या जागी नवा येतो. अशा वर्गात शिक्षकाला प्रत्येक मुलाचा धडा तो जेथे थांबला असेल तेथूनच सुरू करावा लागतो.

याविषयी साऱ्या जगाने एक सुंदर नियम मान्य केला आहे. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बंदिस्त मुलांच्या संरक्षणाचे नियम संमत केले. त्यांत म्हटले आहे की, अशा ठिकाणी शिकलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर तो तेथे होता याची कसलीही खूण असू नये. आपला कायदाही त्याचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करू देत नाही.

कागदावर खूण राहू नये, याची काळजी कायदा घेतो. परंतु एके दिवशी तो मुलगा परळच्या किंवा गिरगावच्या एखाद्या शाळेत परत येतो. दप्तर काखेत धरून तो दारात थबकतो. वर्गातील साऱ्या नजरा त्याच्याकडे वळतात. "इतके दिवस कोठे होतास?" हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर असतो.

तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे शेजारच्या बाकावरील मुलानेच थोडे सरकून त्याला जागा करून द्यावी, आपली वही त्याच्यापुढे उघडावी आणि आज कोणता धडा चालू आहे, एवढेच सांगावे.

स्वाध्याय
१. टिळक व आगरकर यांनी बंदिवासातील काळ कसा घालविला?
२. प्रमाणपत्रावर खूण असू नये, असा नियम का केला असेल?
३. परत आलेल्या सोबत्यास तुम्ही कोणती मदत कराल, ते पाच-सहा ओळींत लिहा.