ओनोच्या मैदानाचे निमंत्रण

वाचनासाठी शास्त्रभाग : नहेम्या 6:1-9, यहोशवा 9:3-16, प्रेषितांची कृत्ये 9:26-28



गेल्या तिमाहीत हा पाठ मी आधी वसतिगृहातल्या मोठ्या मुलींबरोबर आणि मग दोन मंडळ्यांच्या तरुण संघांत घेतला. विषय होता मोबाईलवर झालेली ओळख, आणि त्या ओळखीच्या माणसाला प्रत्यक्ष भेटायला जाणे. एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले, "ताई, हा काय शास्त्राचा विषय आहे?" मी त्यांना नहेम्याचा सहावा अध्याय उघडायला सांगितला.

नहेम्या यरुशलेमेचा तट बांधत होता. सनबल्लट आणि गेशेम यांनी त्याला निरोप पाठवला की ओनोच्या मैदानातल्या एखाद्या गावी आपण भेटू. निरोपाची भाषा गोड होती, धमकी कुठेच नव्हती. पण ओनो म्हणजे लोदजवळचा प्रदेश, यरुशलेमेपासून लांब, आणि तिथे नहेम्याच्या बाजूचे कोणी नव्हते. त्याने कळवले की हातात मोठे काम आहे, मी येऊ शकत नाही. निरोप चार वेळा आला आणि चारही वेळा त्याने तेच उत्तर दिले. पाचव्या खेपेला पत्र आले ते उघडे, म्हणजे वाटेत कोणीही वाचावे असे. त्यात आरोप होता की तू राजा व्हायला निघाला आहेस, आणि ही गोष्ट राजाच्या कानावर जाईल. आधी गोड बोलावणे, नकार मिळताच बदनामीची भीती. मोबाईलवरच्या ज्या घटना माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच जणींचा क्रम हाच असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. अनोळखी माणसाशी मैत्री करणे हेच पाप, असे मी शिकवत नाही. मुलींच्या हातून मोबाईल काढून घ्या, हा सल्लाही मला पटत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाची यादी, सगळे आता त्याच्यावरच येते. प्रश्न वेगळा आहे. आपल्या समाजात ओळख करून देण्याची जी जुनी रीत आहे, ती मोबाईलवर गळून पडते.

आपल्या पाड्यांवर नवा माणूस आला की नावाच्या आधी गाव विचारतात. कुठला, कोणाचा, इकडे कोण लागतो? होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सातपुड्यातली तरुण मुलेमुली एकमेकांना पाहतात, बोलतात. बाहेरची माणसे या बाजाराबद्दल वाटेल ते छापतात, ते असो. तिथे मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात असते, चार पावलांवर मावशी-काकू असतात, आणि पोरगा कोणाचा हे निम्म्या बाजाराला ठाऊक असते. तोच पोरगा इन्स्टाग्रामवर भेटला की मावशी नाही, बाजार नाही. तो स्वतःबद्दल जे सांगेल तेवढेच खरे धरावे लागते.

यहोशवाच्या पुस्तकातले गिबोनी आठवा. ते जवळचेच रहिवासी होते, पण फार दूरच्या देशातून आलो असे भासवत आले. जुनी गोणपाटे, फाटून शिवलेले बुधले, ठिगळाची पायताणे, वाळलेली बुरसलेली भाकर. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी चौकशी केलीच नाही असे नाही. त्यांनी ती शिदोरी हातात घेऊन पाहिली. भाकर खरोखरच शिळी होती! पुरावा खरा होता, पण तो दाखवण्यासाठीच तयार केलेला होता. त्यांनी देवाला विचारले नाही, करार करून टाकला, आणि तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारीच. मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या आपणहून बोलू लागतात. प्रोफाइलवर क्रूस आहे, खाली वचन लिहिले आहे, उपासनेतला फोटो आहे, म्हणजे तो आपलाच. आपल्या मंडळ्यांतल्या मुली या एका खुणेला सर्वांत लवकर भुलतात, असे माझे निरीक्षण आहे. फोटो कोणाचाही उचलता येतो. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला तरी आता चेहरा आणि आवाज बदलणारी साधने आली आहेत. गूगल लेन्सवर फोटो टाकून तो दुसऱ्या कुणाच्या नावाने आहे का ते पाहता येते. इन्स्टाग्रामवर खात्याची माहिती उघडली तर ते कोणत्या महिन्यात सुरू झाले हेही बहुधा दिसते. हे जरूर करावे. पण हे झाले शिदोरी तपासणे.

मग खरी ओळख पटते कशी? प्रेषितांच्या कृत्यांत शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला घाबरले. त्यांची भीती योग्यच होती, कालपर्यंत हा माणूस त्यांना तुरुंगात टाकत होता. शौल खरे बोलत होता, तरी केवळ त्याच्या बोलण्यावर त्यांनी दार उघडले नाही. बर्णबा मध्ये पडला, त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला, तेव्हा काम झाले. मोबाईलवरच्या मैत्रीत मी हाच बर्णबा शोधायला सांगते. तो कोणत्या मंडळीचा, पाळक कोण, कोणत्या कारखान्यात, गावी कोण ओळखते? आणि त्या पाळकांचा नंबर त्याने दिलेला घ्यायचा नाही, आपल्या माणसांकडून मिळवायचा. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. आला तरी तो दोन दिवसांत ओसरतो.

नवापूरकडची एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) सात महिन्यांची ओळख, मुलगा सुरतेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे म्हणे, आपली मावची बोली बोलतो, तिलाही तिथे नोकरी लावून देणार होता. "ताई, रविवारी जाऊन येऊ का? संध्याकाळच्या गाडीने परत येईन." मी म्हटले, "त्यालाच इकडे बोलाव की. तू, तुझी वहिनी आणि मी, स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेऊ." ती जरा हिरमुसली, पण तिने निरोप पाठवला. तो हो म्हणाला. मग सुट्टी मिळाली नाही. मग आजी आजारी पडली. तिसऱ्या वेळी तो चिडला, "तुझा माझ्यावर विश्वासच नाही." आणि एका रात्रीत खाते बंद. तो कोण होता, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. त्या पोरीला आठवडाभर जेवण गेले नाही, कारण तिच्या बाजूने ते प्रेम खरेच होते. तिला कोणी "बघ, सांगितलं होतं ना" असे म्हणू नये म्हणून मी तिच्या वहिनीला आधीच बजावले होते.

दुसऱ्या एकीचा मुलगा मात्र आला, मामाला घेऊनच आला. जे सांगितले होते ते सगळे खरे निघाले. दोन्ही घरे बोलती झाली आहेत.

म्हणून पहिल्या भेटीबाबत माझे म्हणणे सरळ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीने किंवा मुलाने घरच्या मोठ्या माणसाशिवाय अशा भेटीला जायचेच नाही. अठरा पूर्ण झालेल्यांनी पहिली भेट आपल्या गावी, दिवसा, माणसांची वर्दळ आणि मोबाईलची रेंज असेल तिथे ठेवावी. आपल्या डोंगरात रेंज ही लहान गोष्ट नाही. सोबत कोणी तरी असावे, निदान पलीकडच्या बाकड्यावर. जायचे ते आपल्या एसटीने, परतीचे भाडे आपल्या खिशात. त्याच्या मोटरसायकलवर बसायचे नाही, त्याच्या खोलीवर जायचे नाही, टेबलावर सोडून गेलेला चहा किंवा थंड पेय परत आल्यावर प्यायचे नाही. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू ठेवता येते, ते बहिणीला पाठवून निघावे. आमच्या मुलींनी एक वाक्य ठरवले आहे. फोनवर "आजीला औषध दिलं का?" असे विचारले की समजायचे, मला इथून बाहेर काढा. आणि ऐन वेळी त्याने जागा बदलली, तर मागे फिरायचे. त्याचे कारण ऐकत बसायचे नाही.

नवापूर स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे, हे आपल्याकडे सगळे गमतीने सांगतात. पण मुलगी गाडीत बसून पलीकडे गेली आणि काही झाले, तर घरच्यांना वाटते आता तक्रार कुठे करायची? उत्तर आहे, कोणत्याही पोलीस ठाण्यात. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात.

मुलांनाही हे लागू आहे. मुलीच्या नावाने कॉल येतो, त्याचे रेकॉर्डिंग होते आणि मग पैशांची मागणी. पैसे देऊ नयेत, दिले असतील तर लगेच 1930 वर फोन करावा.

आता पाचवे पत्र. पंधरा वर्षांच्या एका मुलीने आपला एक फोटो पाठवला होता. त्यानंतर भेटायला ये, नाहीतर हा फोटो तुझ्या गावाच्या ग्रुपवर टाकतो, असे सुरू झाले. तिने चार आठवडे कुणाला सांगितले नाही. का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा मोबाईल घेतील, शाळा बंद करतील आणि लग्न लावतील." तिला त्या माणसाइतकीच घरच्यांचीही भीती होती. त्या माणसाचा सारा जोर याच भीतीवर होता.

अशा वेळी काय करायचे ते लिहून ठेवा. संदेश पुसू नका, ते पुरावा आहेत. धमकीचे आणि खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट घ्या. पण मुलीचा तो फोटो आपल्या मोबाईलवर मागवू नका आणि कुणाला पुढे पाठवू नका, प्रार्थनेच्या विनंतीसाठीसुद्धा नाही. बालकाचा असा फोटो बाळगणे आणि पसरवणे हाच गुन्हा आहे. फोन बालकांसाठी 1098, तातडीसाठी 112. अल्पवयीनाचा फोटो ऑनलाइन पसरू नये म्हणून 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याची आकड्यांतली खूण तेवढी जाते. आणि 2012 च्या पोक्सो कायद्याने, बालकावर असा अत्याचार झाल्याचे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. यात पाळक आले, वसतिगृहाचे अधीक्षक आले, मीही आले. मंडळीच्या वडिलांनी बसून आपसांत मिटवण्याचा हा विषय नाही.

त्या मुलीच्या बाबांशी बोलायला मी आणि आमचे पाळक दोघे गेलो. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "पोलीस ठाण्यात माझ्या पोरीला एकटीला बसवतील का?" नाही, असे सांगितल्यावर ते आमच्याबरोबर निघाले. मुलगी यंदा दहावीला आहे. मोबाईल तिच्याकडेच आहे.

पुढच्या तिमाहीत हाच पाठ आम्ही फक्त वडिलांसाठी घेणार आहोत, भातकापणी आटोपल्यावर, संध्याकाळी. आपल्या मंडळीत घ्यायचा असेल तर पाळकांमार्फत कार्यालयात कळवावे. नहेम्याचा सहावा अध्याय आधी वाचून यावे, आणि शक्य असल्यास आपला मोबाईल चार्ज करून आणावा, कारण लाइव्ह लोकेशन कसे पाठवायचे ते प्रत्यक्ष करून पाहायचे आहे.