नाकाची दुसरी शस्त्रक्रिया

'नाक कापले गेले' म्हणजे अब्रू गेली. मराठीत नाक हा अवयव कमी आणि इभ्रत अधिक आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी नाकाचा शेंडा कलला, तर 'हौस फिटली का?' असे विचारणारे भेटतातच. पाथर्डी तालुक्यातील माझी आतेबहीण हे रोज ऐकते. दुसरी शस्त्रक्रिया करावी की नाही, हे तिला ठरवायचे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक जोडण्याची कृती आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यायचे, तेवढी गालाची त्वचा सोडवून नाकावर बसवायची, श्वासासाठी दोन नळ्या ठेवायच्या. पण ग्रंथ तेथे थांबत नाही. भरून आलेले नाक लहान राहिले तर वाढवावे, मांस फाजील वाढले तर सारखे करावे, असेही तो सांगतो.

दुसरा दाखला पुण्याजवळचा. कावसजी हा मराठा शेतकरी इंग्रजी सैन्यात बैल हाकत असे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकीकत छापली. तीतही सुमारे २५ व्या दिवशी भुवयांमधला कातडीचा दुवा कापून नाक पुन्हा नीटनेटके केल्याचा उल्लेख आहे.

म्हणजे दुसरी वेळ ही नामुष्की नव्हे; शास्त्राने ती आरंभीच गृहीत धरली आहे. मात्र ती पहिलीपेक्षा अवघड असते. आत व्रणाची घट्ट ऊती झालेली असते. पडद्यातील कूर्चा आधीच वापरलेली असल्यास कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागू शकते, म्हणून शल्यविशारद बहुधा वर्षभर थांबायला सांगतात. पू, ताप किंवा वाढती वेदना असेल, तर मात्र त्वरित डॉक्टरांना गाठावे.

बहिणीला मी तीन गोष्टी लिहून दिल्या : पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद व जुने फोटो जपून ठेव, श्वासाचा त्रास आणि दिसण्याची खंत यांची वेगवेगळी नोंद कर, किती सुधारेल आणि काय बिघडू शकेल, हे दोन शल्यविशारदांना विचार. निर्णय तिचा आहे. तो तिने आरशाला आणि डॉक्टरांना विचारून घ्यावा. पारावरच्या मंडळींना विचारून नव्हे.